बायजाचं पान

दरवर्षी सर्वपित्रीला या घरातून सात पानं जातात. यंदा दशरथने आठवं मागितलं तेव्हा सुनिताने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता केळीचा आणखी एक तुकडा कापून दिला. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस वर्षभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो, आणि भाद्रपदाच्या अमावास्येला मात्र त्याला कुणी अडवू नये.

आठवं पान कुणाचं हे विचारायची गरजच नव्हती. दशरथची सख्खी आई बायजा तो सहा वर्षांचा असताना तापाने गेली. त्याला पंचावन्न वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिचं पान एकदाही मांडलं गेलं नव्हतं, कारण घरात बायजा होती. ती आत्ताही होती, मागच्या पडवीत चुलीपुढे बसून वडे तळत होती.

या घरातल्या जुन्या माणसांची एक पद्धत होती. पहिली बायको गेली आणि दुसरी आणली, तर दुसरीला पहिलीचंच नाव द्यायचं. पहिली येऊन पाहते, घरात बायजा आहे, चुलीपाशी बायजा आहे, पोरगं बायजाच्या कुशीत आहे. तिला वाटतं आपणच आहोत अजून, आणि ती कुणाला धरत नाही. दशरथचा बाप धाऊ याने तेच केलं. कोंडाण्याकडची सतरा वर्षांची पोर आणली, लग्नात तिचं नाव बायजा ठेवलं, आणि कुणाला काही सांगावंच लागलं नाही. रेशनकार्डावर बायजा होती ती राहिली. मतदारयादीत राहिली. पुढे आधारकार्ड आलं, तेही रेशनकार्डावरूनच. मेलेलीचं वय जिवंतीला लागलं. आज ती बहात्तर वर्षांची आहे आणि कागदावर पंच्याऐंशीची.

सासूचं खरं नाव काय, हे सुनितालाही लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. सोमी. तेही बाळंतपणात दोघी जाग्या होत्या म्हणून.

पुढच्या पडवीच्या पत्र्यावर पानं ठेवली गेली. हाका मारायचं काम धोंडीकाकाचं. धाऊचा हा धाकटा भाऊ ऐंशीला टेकला होता, पण आवाज अजून शेताच्या पार जाईल असा. एकेक नाव घ्यायचा, थांबायचा, पुढचं घ्यायचा. समोरच्या वीजतारेवर कावळे ओळीने बसले होते आणि एकही हलत नव्हता. सात नावं झाली. काकाने दशरथकडे पाहिलं.

"घेऊ ना रं?"

"घ्या," दशरथ म्हणाला.

काकाने घसा खाकरला. "धाऊची बायजा. ये गं, घास घे."

"आले, आले," घरातून आवाज आला.

आणि म्हातारी हातात झारा घेऊन पदराला हात पुशीत बाहेर आली. तिला हाक ऐकू आली होती, बस, तेवढंच. पत्र्याखाली उभी राहून तिने सगळ्यांकडे पाहिलं. "काय पायजे? कोनी बोलावलं?"

तारेवरचा एक कावळा सुटला, सात पानांवरून सरळ पुढे गेला आणि आठव्या पानावर उतरला. भाताचा मुटका उचलला, तिथेच बसून खाल्ला, मग खीर. बाकीच्या पानांकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. म्हातारीच्या डोक्यावर दीड हात अंतरावर त्याची नखं पत्र्यावर वाजत होती.

सुनिताच्या अंगावर काटा आला. कावळा शिवला म्हणून नव्हे. कावळा खात होता तेव्हा सासूचा जबडा हलत होता, म्हणून.

*

राजेशला या सगळ्यासाठी वेळ नव्हता. दोन वाजता सोनाली येणार होती, पाचला कळंबच्या बाजारात त्याची सभा होती, आणि अजून पंगत बसायची होती.

दशरथ-सुनिताचा हा एकुलता एक मुलगा दहिवलीला राहायचा आणि पंचायत समितीला उभा होता. त्याच्या निवडणुकीचा मुद्दा एकच, म्हाताऱ्यांची पेन्शन. दीड हजारात म्हातारा माणूस महिना काढतो कसा, हे त्याने गावोगाव जाऊन विचारलं होतं आणि लोकांनी ऐकून घेतलं होतं. पाच हजार करा, असं त्याचं म्हणणं होतं. कळंबच्या नाक्यावर कालच बॅनर लागला होता. त्यावर आजीचा फोटो होता, सुरकुत्यांसकट, आणि खाली मोठ्या अक्षरात: वय ८५, पेन्शन १५००, जगायचं कसं?

समोरच्या पार्टीने ग्रामसभेत उत्तर दिलं होतं. वाढवायची कशाला, आधी यादी तपासा, निम्मे लाभार्थी खोटे आहेत. मग तपासणी निघाली. तलाठ्याकडची कोतवाल सोनाली घरोघर जाऊन फोनवर प्रत्येकाचा चेहरा घेत होती. चेहरा लागला तर हयात. नाही लागला तर पेन्शन थांबली.

"बाबा, आजचाच दिवस सापडला तुमाला?" पंगतीत बसल्या बसल्या तो म्हणाला. "गावात चार लोकांनी ऐकलं असंल. बायजाचं पान मांडलं म्हंजे बायजा मेली. आनि दोनला सोनाली येनार, बायजा जिती हाय म्हनून लिवायला."

"बायजा मेलीच हाय," दशरथ म्हणाला. "माझ्या देखत मेली."

"ते मला म्हाईत हाय."

"तुला म्हाईत हाय आनि तू बॅनर लावतोस. फोटो हिचा, वय माझ्या आईचं. पंच्याऐंशी वर्षं माझ्या आईला झाली असती रं. ती तिसाव्या वर्षी गेली."

राजेशने भात कालवला आणि तसाच ठेवला. बापाशी त्याला भांडायचं नव्हतं. बाप खालापूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबला होता, दर महिन्याला पगारातून कापून दिलं होतं, आणि आता त्याला पीएफची पेन्शन अकराशे सत्तर रुपये येत होती. साडेसात हजार करा म्हणून हे निवृत्त कामगार मोर्चे काढत होते, दिल्लीपर्यंत जाऊन बसले होते. दोन वेळा दशरथही जाऊन आला. येताना थंडी घेऊन आला, बाकी काही नाही.

"तुमी तर सांगू नका," राजेश म्हणाला, "तुमाला कळायला पायजे. एक खोटं नाव सापडू द्या, की हजार खऱ्या म्हाताऱ्यांचं बंद करायला यांना निमित्त मिळंल. बघा, उभा राहनाऱ्याच्याच घरात मेलेली बाई पेन्शन खाती. मंग कोन बोलंल पाच हजाराबद्दल? तुमच्या साडेसातबद्दलबी कोन बोलनार नाय."

"म्हंजे हजार खऱ्यांसाठी आपन खोटं र्‍हायाचं."

"खोटं कुटं? आजी बहात्तरची हाय, विधवा हाय, शेत नाय तिच्या नावावर. तिला मिळायलाच पायजे ती पेन्शन. फकस्त नाव दुसरं हाय."

"फकस्त," दशरथ म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

धोंडीकाका मान खाली घालून जेवत होता. त्याने कावळ्याचं काही काढलं नाही, पण पत्र्याकडे पाठ करून बसला होता, हे राजेशच्या लक्षात आलं. पत्र्यावर अजून सात पानं तशीच पडली होती. ती शिवल्याशिवाय उचलायची नाहीत.

*

छाया तोपर्यंत गप्प होती. ती दुसरीची मुलगी, दशरथची सावत्र बहीण. कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर स्वयंपाकाला जायची आणि सणाला रजा मागताना तिच्या नाकी नऊ यायचे. आज ती रजा घेऊन आली होती ती भाच्याच्या बाजूने बोलायला. आईची पेन्शन बंद होता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आई त्या पैशातून डोळ्याचे थेंब आणते, स्वतःची चहापत्ती आणते, आणि सुनेकडे हात पसरत नाही. बाईमाणसाच्या म्हातारपणात ही केवढी गोष्ट आहे, ते पुरुषांना सांगून कळायचं नाही.

"दादा," ती म्हणाली, "तू कधी माझ्या आईला आई म्हनलास का रं? मावशी म्हनतोस. पंचावन्न वर्षं मावशी."

"ती माझी मावशीच. मी तिला कधी वाईट वागवलं नाय."

"नाय वागवलंस. पन आज तुझ्या आईचं पान मांडलंस, बरोबर जेव्हा सोनाली येनार तेव्हाच. पुढच्या वर्षी मांडलं असतं तर कावळे मरनार होते का?"

"पुढच्या वर्षी मी असंन का?" दशरथ शांतपणे म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो तवापासनं बघतो. सगळ्यांना हाक मारतात, माझ्या आईला नाय. मी विचारलं तर बाप म्हनायचा, तिला बोलावू नको, ती घरातच हाय. मला वाटायचं आतल्या खोलीत हाय. मी बघून यायचो."

सुनिता वाढता वाढता थांबली. "मला कधी नाय सांगितलंत हे."

"काय सांगायचं? खोलीत कोन नसायचं." तो थांबला. "नसायचं, पन वाकळ गरम असायची."

छायाला वाटलं, आता कुणीतरी हसावं. सुनिताने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि इतका वेळ नुसती वाढत असलेली ती बाई त्याच्याशेजारी येऊन बसली.

"मंग होऊ द्या आज काय व्हायचं ते," सुनिता म्हणाली. "राजेश, बॅनर काढ."

"आई, तू बी?"

"मी बी. एकाच्या नावानं दुसरा किती दिवस खाईल?"

"मंग माझी आई खाईल काय?" छाया चिडली. "तुझ्या नवऱ्याचे अकराशे सत्तर?"

"मला कोनी विचारनार का?"

म्हातारी दारात उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली हे कुणालाच कळलं नव्हतं. या घरात ती अशीच वावरत आली होती.

*

सोमीला भांडण कळलं होतं. ते तिचंच भांडण होतं, फक्त तिला सोडून सगळे ते भांडत होते.

या घरात आली तेव्हा नाव गेलं, त्याचं तिला फार वाटलं नाही. त्या काळी सगळ्यांचंच जायचं. पुढचं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दशरथ रडायला लागला आणि तिचा हात आपोआप त्याच्या डाव्या कानाकडे गेला, पाळी चोळायला लागला, पोरगं झोपलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माळ्यावरच्या भोपळ्याच्या बिया कुठल्या गाडग्यात आहेत हे तिला न बघता ठाऊक होतं. धाऊ कधी कधी तिच्याशी जुन्या गोष्टी बोलायचा, आपण दोघं नेरळच्या जत्रेला गेलो होतो म्हणायचा, आणि ती हो म्हणायची; आणि म्हणताना तिला ती जत्रा दिसायची. भीती वाटायची ती याची. पहिली कधी त्रास द्यायला आली नाही. ती आत राहायला आली होती.

"विचारतो की, आई," छाया म्हणाली. "तू सांग."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. "पेन्शन मला पायजे. मी खोटं नाय बोलनार. महिन्याच्या महिन्याला माझं म्हनून काय येतं तर तेवढंच. पन माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय." तिने धोंडीकाकाकडे पाहिलं. "भावोजी, मी मेले की काय होईल?"

"आसं नको बोलू वैनी, आजच्या दिवशी."

"आजच बोलायचं. मी मेले की ही सोनाली लिवनार, बायजा मेली. तुमी पान मांडाल, हाक माराल बायजाला. ती येईल, खाईल. तिला तर सवयच झाली. ती दोनदा मरंल आनि मी एकदाबी नाय. मंग मी कुटं जाऊ? कोंडाण्याला कोन नाय माझं. भाऊ मेला. मला सोमी म्हननारं एक मानूस जिवंत नाय."

छायाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. जन्मापासून ती या बाईला आई म्हणत आली होती. तिला दुसऱ्या नावाची गरजच कधी पडली नव्हती.

"राजेश," ती म्हणाली, "आजीला तिच्या नावावर करून घे पेन्शन. तू पुढारी ना?"

राजेशने कपाळाला हात लावला. "कशी करू आत्या? जन्माचा दाखला नाय, शाळेचा नाय, लग्नाचा नाय. सोमी कुटल्याच कागदावर नाय. बहात्तर वर्षांची बाई हाय हे सिद्ध करायला पयलं ती जन्मली हे सिद्ध करायला लागंल. कोन मंजूर करंल? वर इतके दिवस घेतलेलं परत मागतील ते वेगळंच." तो आजीच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसला. आवाज खाली आला. "आजी, मी खोटं नाय सांगत. मला तुझं नाव लावता आलं असतं तर बॅनरवर तेच लावलं असतं."

"म्हाईत हाय रं," ती म्हणाली आणि त्याच्या डाव्या कानाची पाळी चोळली.

दशरथने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

*

सोनाली वेळेवर आली. चटपटीत पोरगी, स्कूटीवरून सकाळपासून चौदा घरं करून आली होती. पाणी प्यायली, कागद काढला, फोन काढला.

"बायजाबाई धाऊ, वय पंच्याऐंशी. तुमीच ना आजी? मस्त तब्येत ठेवलीय."

दशरथ ओट्यावर खांबाला टेकून उभा होता. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. ही बायजा नाही, बायजा मेली, लिहा. ते वाक्य तो तीस वर्षं मनात घोळवत होता आणि आता ते त्याच्या जिभेवर होतं. सुनिता त्याच्याकडे बघत होती. राजेशही.

सोनालीने म्हातारीला भिंतीशी बसवलं आणि फोन समोर धरला. फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला. "कृपया चौकटीत एकच व्यक्ती असावी."

"जरा बाजूला व्हा सगळे," सोनाली म्हणाली.

सगळे बाजूलाच होते. तिने पुन्हा धरला.

"कृपया चौकटीत एकच व्यक्ती असावी."

सोनालीने मागची भिंत बघितली. कॅलेंडर नाही, देवाचा फोटो नाही, नुसती चुन्याची भिंत. तिने म्हातारीला जागा बदलून दुसऱ्या भिंतीशी बसवलं. तेच. मग ती फोनच्या काचेवर वाकली आणि म्हणाली, "अय्या, हे बघा."

दशरथ तिच्या खांद्यावरून वाकला. काचेवर दोन पिवळे चौकोन होते. एक म्हातारीच्या चेहऱ्याभोवती. दुसरा तिच्या छातीवर, काळ्या दोऱ्यातल्या टाकाभोवती.

चांदीचा टाक, रुपयाएवढा. त्यावर बाईचा चेहरा कोरलेला. दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, तिला रोज हळदकुंकू लावायचं, ही त्या नावाबरोबरचीच पद्धत. पंचावन्न वर्षं अंगावर घासून त्या चेहऱ्याचे नाकडोळे पार गेले होते. माणसाला तो चेहरा म्हणून ओळखूही आला नसता. फोनला आला होता.

"काढून ठेवा आजी दोन मिनिटं," सोनाली म्हणाली.

"नको," धोंडीकाका पटकन म्हणाला. "तो काढत नसतात."

"मी कदी काढला नाय," म्हातारी म्हणाली. तिने दशरथकडे पाहिलं. "काढू का रं?"

त्याच्या आईबद्दल मावशीने त्याला प्रथमच काही विचारलं होतं. त्याने हात पुढे केला. "काढ मावशी," तो म्हणाला. "दे माझ्याकडं."

तिने दोरा डोक्यावरून काढला आणि टाक त्याच्या हातावर ठेवला. तो अंगाच्या उबेने गरम होता. दशरथने मूठ मिटली. आई मुठीत आली, असं त्याला वाटलं, आणि एकसष्ट वर्षांच्या माणसाने असं वाटून घ्यावं याची त्याला लाजही वाटली नाही.

सोनालीने फोन धरला.

"चेहरा आढळला नाही," गोड आवाज म्हणाला.

"उजेडाकडं तोंड करा आजी. डोळे मिटा, उघडा."

"चेहरा आढळला नाही."

म्हातारीने तोंड धुतलं. पदर मागे घेतला. सोनालीने काच पुसली. तिने सुनिताला बसवून पाहिलं, लगेच चौकोन आला. छायाला बसवलं, आला. स्वतःचा धरून पाहिला, आला. मग पुन्हा म्हातारीला बसवलं. काचेवर भिंत दिसत होती, हिरवं लुगडं दिसत होतं, पांढरे केस, तोंड, सगळं होतं. फोन मात्र त्या सगळ्यावरून फिरत राहिला, चौकोन कुठेच थांबेना.

"चेहरा आढळला नाही."

"रेंजचा घोळ असंल," राजेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला असावा.

"याला रेंज लागत नाय," सोनाली म्हणाली. तिचा चटपटीतपणा कुठच्या कुठे गेला होता. ती म्हातारीकडे थेट बघेना. "मी काय करू? आज शेवटचा दिवस हाय. नाय लागला तर 'आढळले नाही' असं आपोआप पडतं. मंग पेन्शन बंद. परत चालू करायला काय काय लागतं ते तुमाला म्हाईत हाय."

म्हातारी भिंतीशी बसली होती, हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी. रिकाम्या गळ्यावर दोऱ्याचा काळा वळ होता. "मी हाय की," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "हितंच हाय."

दशरथला मुठीतला टाक टोचत होता. त्याला हवं होतं ते सगळं झालं होतं. पान झालं, हाक झाली, कावळा शिवला, आई सुटून त्याच्या हातात आली. आता फक्त गप्प राहायचं होतं. काहीसुद्धा बोलायची गरज नव्हती. फोनच सगळं लिहिणार होता. आणि समोर ही बाई, जिच्या हाताने तो वाढला, जिला त्याने कधी नावाने विचारलं नाही, ती सगळ्यांच्या देखत नाहीशी होत होती. आईला तो एकदा गमावून बसला होता. ते कसं असतं हे त्याला माहीत होतं.

तो पुढे झाला. वाकून त्याने टाक म्हातारीच्या गळ्यात घातला, दोरा मानेवर नीट बसवला, पदर सारखा केला.

"आता घे," तो सोनालीला म्हणाला.

फोन धरताक्षणी चौकोन आला. या खेपेला एकच आला, हिरवा, कपाळापासून छातीपर्यंत, दोघींना एकत्र घेऊन. म्हातारीने डोळे मिटले, उघडले.

"पडताळणी यशस्वी," आवाज म्हणाला.

सोनालीने सुस्कारा टाकला आणि कागदावर खूण केली. "झालं. बायजाबाई हयात." तिने चहा घेतला नाही. फाटकापर्यंत ती जवळजवळ पळत गेली आणि स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला.

राजेश मटकन ओट्यावर बसला. छाया आईचे खांदे दाबत होती. धोंडीकाका पत्र्याकडे पाहत म्हणाला, "अजून सात पानं तशीच हायत. शिवत का नाय, काय कळत नाय."

"भावोजी," म्हातारी म्हणाली, "मंग अजून एक मांडा."

"कोनाचं?"

"सोमीचं."

दशरथ तिच्याजवळ खाली बसला. "मावशी, जित्या मानसाचं पान मांडत नाय."

"ती पोरगी आता काय बोलून गेली? बायजा जिती हाय. फोनबी तेच बोलला, तूबी तेच केलंस. मी तुला बोल नाय लावत रं. पन मंग मेलं कोन, तूच सांग."

पाच हजारांवर तासभर बोलू शकणारा राजेश आजीच्या पायांकडे बघत राहिला. मग छायाच उठली. परसात गेली, केळीचं पान कापून आणलं, धुतलं, आणि वहिनीपुढे ठेवलं. सुनिताने भात वाढला, वरण वाढलं, वडे ठेवले.

"धाऊची सोमी कशी म्हनू? बापाचं नाव लागतं," धोंडीकाका पुटपुटला.

"काळू. कोंडाण्याचा," म्हातारी म्हणाली. ती सुनेच्या हाताकडे लक्ष देऊन बघत होती. "अळूचं फदफदं जरा जास्त वाढ गं सुनिता. मला आवडतं."